प्लाक मोजणं वेगळं, आयडी-५० काढणं वेगळं

रिकेट्सिया या जिवाणूंच्या कुपीवर ‘टायटर’ म्हणून, म्हणजे संसर्ग करण्याची ताकद सांगणारा, आकडा दिसला की आधी एक विचारावं: हा पेशींवर काढलाय की प्राण्यांत? दोन्ही आकड्यांना संसर्गक्षमताच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

हे जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतात. अगर प्लेटवर वसाहती येत नाहीत, म्हणून प्लाक, म्हणजे थरातल्या मेलेल्या पेशींचे ठिपके, मोजायचे. व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) सलग थरावर पातळ केलेला नमुना सोडतात आणि वरून अगरोज ओततात, म्हणजे जिवाणू वाहून न जाता शेजारच्या पेशींतच पसरतात. पुढे न्यूट्रल रेडने रंगवलं की मेलेल्या पेशींचे ठिपके बिनरंगी राहतात. एक लाखपट पातळ केलेल्या नमुन्याच्या ०.१ मिलीत ३२ प्लाक आले, तर मूळ नमुन्यात मिलीमागे ३.२ कोटी. रिकेट्सिया रिकेट्सी या प्रजातीला साधारण आठवडा पुरतो. स्क्रब टायफस या तापाच्या ओरिएन्शिया जिवाणूला दोन आठवड्यांहून जास्त लागतात आणि प्लाकही बारीक येतात.

आयडी-५० मध्ये ठिपके नसतात. प्राण्यांच्या गटांना उतरत्या मात्रा टोचायच्या आणि निम्मे प्राणी कोणत्या मात्रेला बाधित होतात ते काढायचं. रीड आणि मुंच यांची १९३८ ची पद्धत आजही त्यासाठी वापरतात. मृत्यू मोजले तर तो एलडी-५०. गिनीपिगमध्ये बहुधा ताप पाहतात.

एका आकड्यावरून दुसरा काढायचा मोह होतो. एकच जिवाणू संसर्गाला पुरतो असं धरलं, तर गणिताने एक आयडी-५० म्हणजे ०.६९ प्लाक-एकक (एक प्लाक उठवणारी मात्रा म्हणजे एक एकक). पेशींच्या तबकडीत हे बऱ्यापैकी जमतं. प्राण्यात मात्र मध्ये रोगप्रतिकारशक्ती उभी असते.

ओरिएन्शियाचा गिलियम स्ट्रेन (उपप्रकार) घ्या. पोटात टोचला की सी३एच जातीचे उंदीर मरतात, बाल्ब-सी जातीचे तगून राहतात. कुपी तीच, प्लाकही तेवढेच. फरक उंदराच्या एका जनुकस्थानाचा, हे ग्रोव्ह्ज आणि ऑस्टरमन यांनी १९७८ मध्ये दाखवलं. त्याऐवजी कार्प स्ट्रेन टोचला तर बाल्ब-सीही मरतात. म्हणजे ‘एलडी-५० इतका’ हे वाक्य उंदराची जात सांगितल्याशिवाय अर्धवटच.

उलट बाजूने पाहायचं तर रिकेट्सिया रिकेट्सीचा आयोवा स्ट्रेन पेशींत व्यवस्थित वाढतो, पण गिनीपिगला ताप आणत नाही. शीला स्मिथ स्ट्रेन आणतो. आणि १९२३ मधलं स्पेन्सर व पार्कर यांचं निरीक्षण मला अजूनही थक्क करतं: उपाशी गोचिडांतले जिवाणू गिनीपिगला आजारी पाडत नव्हते, पण त्याच गोचिडांना रक्त पाजलं की पाडत. जिवाणूची स्थिती बदलली की प्राण्याचं उत्तर बदलतं.

विदर्भातल्या वाचकांना २०१८ ची स्क्रब टायफसची साथ आठवत असेल. अशा आजारावर लस किंवा औषध तपासताना जनावर लागतंच. मात्र गोठवलेला साठा किती जिवंत आहे एवढंच पाहायचं असेल, तर त्यासाठी उंदीर मारू नयेत असं माझं ठाम मत आहे. ते काम प्लाकचं. आणि उंदरांना टोचायचंच असेल, तर उरलेला नमुना त्याच दिवशी पेशींवर टाकून मोजावा. गोठवून वितळवताना बरेच जिवाणू मरतात, त्यामुळे महिन्यांपूर्वी कुपीवर लिहिलेली मात्रा त्या सकाळच्या सिरिंजमध्ये असेलच असं नाही.