धुळीची वलयं आणि काचेचे पट्टे

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. संध्याकाळी शटर पडलं की मागच्या खोलीत त्याचा दुसरा उद्योग सुरू होतो, ज्यातून आजवर रुपया मिळालेला नाही. लाकडी खोक्यात वाळू भरलेली. रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा वर येऊ नये म्हणून खोक्याखाली स्कूटरची हवा भरलेली ट्यूब. वाळूत खोचलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, त्यांच्या डोक्यावर आरसे आणि भिंगं. एका टोकाला जुन्या बारकोड स्कॅनरमधून काढलेली हेलियम-निऑनची नळी, म्हणजे लाल किरण सोडणारा लेझर.

त्याला मांडायचं होतं मायकेलसनचं इंटरफेरोमीटर. म्हणजे एक किरण दोन वाटांनी पाठवायचा, परत एकत्र आणायचा आणि भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे बघायचे. पट्टे आले, पण नको तेवढे आले. एक वाट कागदानं अडवली की पट्टे जायला हवेत. इथं अडवल्यावरही ते तसेच! वर कुठं कुठं गोल वलयंही. रात्री साडेनऊला फोन आला, "भावा, भिंग पुसून पुसून हात दुखायला लागला की. डाग काय जाईना."

पुसायला सुरुवात केली तिथंच गडबड झाली होती. भिंतीवर नको असलेली नक्षी दिसली की दहातले नऊ जण कापूस घेऊन बसतात. पण दोन वेगवेगळ्या गोष्टी जवळजवळ सारखी नक्षी काढतात. एक धूळ, दुसरी खुद्द काच. धुळीवर पुसणं हा उपाय आहे. काचेच्या पट्ट्यांवर पुसून काहीही होत नाही, उलट आरशाच्या लेपावर ओरखडे पडतात आणि मग खरंच विखुरलेला प्रकाश मिळतो.

धुळीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. किरणाच्या वाटेत कण आला की त्याच्या कडेवरून प्रकाश वळतो. हे विवर्तन. वळलेला प्रकाश आणि सरळ गेलेला प्रकाश पुढं भेटतात आणि कणाभोवती वलयं उमटतात, मध्यापासून बाहेर जाताना एकमेकांच्या जवळ येत जाणारी. कण गोल असेल तर सावलीच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका दिसतो. १८१८ साली फ्रान्समध्ये फ्रेनेलचा तरंगसिद्धांत, म्हणजे प्रकाश हा तरंग आहे हे म्हणणं, खोटा पाडायला प्वासाँ या गणितज्ञानं हाच मुद्दा काढला होता : तुमचं खरं असेल तर सावलीच्या मध्यात उजेड पडायला पाहिजे, म्हणजे वेडेपणाच झाला. त्यांच्याच काळातल्या अरागो या शास्त्रज्ञानं प्रयोग करून बघितला, ठिपका होता. आपल्याकडं हा ठिपका भिंगावरच्या मातीच्या कणामुळं फुकटात मिळतो.

काचेची गोष्ट जास्त चकवणारी. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सरळ पडलेल्या प्रकाशाचा साधारण ४ टक्के भाग परत फिरतो. पुढच्या पृष्ठभागावरून ४ टक्के, मागच्यावरून उरल्यासुरल्यातले पावणेचारच्या आसपास. हे दोन जवळजवळ सारखे किरण एकमेकांवर पडले की परावर्तित बाजूला झकास गडद पट्टे उमटतात. पेट्रोल सांडलेल्या पावसाळी रस्त्यावर रंग दिसतात त्याचंच हे भावंड, फक्त एकाच रंगाचं. पार गेलेल्या बाजूला मात्र आपण निर्धास्त असतो. आत दोनदा आपटून बाहेर पडणारा भुताटकी किरण मुख्य किरणाच्या ०.१६ टक्केच असतो ना, तो काय करणार?

तो बरंच करतो. प्रकाशाची तीव्रता तरंगाच्या उंचीच्या वर्गावर ठरते. ०.००१६ चं वर्गमूळ ०.०४, म्हणजे मुख्य तरंगाची उंची १ धरली तर भुताची ०.०४. जिथं दोघांची जुळणी होते तिथं १.०४ चा वर्ग, सुमारे १.०८. जिथं ते विरुद्ध जातात तिथं ०.९६ चा वर्ग, सुमारे ०.९२. हजारात दीड भाग प्रकाशानं भिंतीवर सोळा टक्क्यांचा फरक पाडला! डोळ्याला तो सहज दिसतो. मित्राला हा हिशोब मी दोनदा करून दाखवला तरी त्याचा विश्वास बसला नव्हता. बसू नये असाच आहे तो.

आता ओळखायचं कसं? पहिला मोह आकाराचा. गोल दिसलं की धूळ, सरळ दिसलं की काच. हा नियम मी स्वतः कित्येक दिवस पाळला आणि फसलो. भिंगानं पसरवलेला किरण सपाट काचेवर सरळ पडला तर काचेचे पट्टेसुद्धा गोलच येतात, एकात एक. उलट कापसाचा बारीक तंतू भिंगावर चिकटला असेल तर त्याची नक्षी सरळ समांतर रेघांची येते. आणि तो तंतू बहुतेक वेळा आपल्याच पुसण्यातून आलेला असतो.

म्हणून आकार सोडा, हालचाल बघा. संशयित काच हातात धरून तिच्याच पातळीत मिलिमीटरभर बाजूला सरकवा. धूळ तिच्यावर असेल तर वलयं तिच्याबरोबर पळतात. चांगल्या सपाट काचेचे पट्टे जागेवरच राहतात, फार तर किंचित डुलतात. मग काच न सरकवता थोडी कलवा. आता उलटं होतं : धुळीची वलयं जवळपास तशीच, आणि काचेचे पट्टे दाट-विरळ होतात, दिशा बदलतात, मध्य एका बाजूला निघून जातो.

सरकवण्यातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. किरण भिंगामुळं एका बिंदूत येऊन पुढं पसरत असेल तर त्या बिंदूपासून काच जितकी जवळ, तितकी वलयं जास्त पळतात. बिंदूपासून काच १० सेंटीमीटरवर आणि भिंत २ मीटरवर असेल तर एक मिलिमीटरला दोन सेंटीमीटर. वलयं हाताच्या उलट दिशेला गेली तर ती काच बिंदूच्या अलीकडं आहे. कुठल्या काचेवर कण आहे हे भिंतीवरूनच कळतं, सगळ्या काचा पुसत बसावं लागत नाही.

काहीही हलवलं तरी नक्षी ढिम्म, असंही होतं. मग कागदाचा तुकडा घेऊन भिंतीपासून नळीकडं उलटं चालत जायचं. अंबाबाईच्या किरणोत्सवात सूर्यकिरण मूर्तीपर्यंत पोचले नाहीत की मंडळी महाद्वारातून मागं मागं बघत जातात, वाटेत कुठली इमारत आडवी येते, कुठं धुरकं आहे. तसंच. नळीच्या तोंडाशीच ठिपका मधोमध काळी रेघ घेऊन दुभंगलेला असेल तर तो धुळीचा नाही की बाहेरच्या काचेचाही नाही, नळीच्या आतल्या आडव्या मोडचा आहे, म्हणजे नळीतच प्रकाश तशा आकारात तयार होतोय. नळी फिरवली की तोही फिरतो. फिरवण्याआधी वीज बंद करा आणि थोडं थांबा. चालू नळीवर हजारभर व्होल्ट असतात, पेटताना त्याच्या कितीतरी पट.

आणि पट्टे स्पष्ट होतात, फिके पडतात, परत स्पष्ट होतात, असं नळी तापेपर्यंत चालत असेल तर काचेला दोष देऊ नका. एक मिलिमीटर काचेनं दोन किरणांच्या वाटेत पडणारा फरक तीन मिलिमीटरचा, नळी तापण्यानं त्याला काही फरक पडत नाही. २५ सेंटीमीटरच्या नळीतून एकाच वेळी दोन-तीन किंचित वेगळ्या वारंवारता निघतात, त्यांच्यात सुमारे ६०० मेगाहर्ट्झचं अंतर असतं. इंटरफेरोमीटरच्या दोन वाटांच्या लांबीत दहा-बारा सेंटीमीटरचा फरक असला, म्हणजे जाऊन-येऊन नळीच्या लांबीएवढा, की एकीचे पट्टे दुसरीचे पुसून टाकतात. नळी तापून लांबते तसं या वारंवारतांचं बळ कमीजास्त होतं, म्हणून हा खेळ. वाटा सारख्या करा, थांबेल.

भिंतीवरचे चमचमणारे दाणे मी यात धरलेच नाहीत. ते भिंतीच्या खडबडीतपणाचे आहेत, डोकं हलवलं की हलतात, दोष नव्हे.

मित्राच्या खोलीत गेलो तेव्हा कलवण्याची चाचणी दोन मिनिटांत झाली. किरण दुभागायला त्यानं सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी वापरली होती, १ मिलिमीटर जाडीची, ४५ अंशांत. तिच्या दोन पृष्ठभागांवरून येणारे किरण एकमेकांपासून पाऊण मिलिमीटरवर सुटतात आणि किरणच मिलिमीटरभर रुंद. मग ते एकमेकांवर बसणारच. ५ मिलिमीटरची जाड काच लावली तर दोघांत साडेतीन मिलिमीटरहून जास्त अंतर पडतं आणि नको असलेला किरण पोस्टकार्डाच्या कडेनं अडवता येतो. अट एकच, किरण पसरवायचं भिंग काचेच्या नंतर हवं, आधी नको. त्याला शोकेसचा तुटका तुकडा सापडला. कडा घासल्या, बसवला. एक वाट झाकल्यावर पट्टे गेले.

वलयं उरली होती. भिंग सरकवून बघितलं, ती पळाली. मग मी खोक्यातल्या वाळूकडं बघितलं. शेजारच्या फाउंड्रीतून फुकट आणलेली, साच्यातली, बारीक आणि काळी. पंखा तिच्यावरूनच वारा घेत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. वाळूवर रेक्झिनचा तुकडा अंथरला, पंखा भिंतीकडं वळवला आणि भिंगावर रबरी फुग्यानं नुसती हवा मारली. एक वलय तेवढं खालच्या कोपऱ्यात अजून आहे. ते राहू दे म्हणाला, मध्यात पांढरा ठिपका दिसतोय.

"लाल," मी म्हटलं.

"लाल तर लाल. दिसतोय ना?"