आमरसाची वाटी आणि तोंडावरचे मुरूम

आंब्याची पेटी उघडली की वयात आलेल्या मुलांना घरात हमखास ऐकावं लागतं : 'बेतानं खा, उष्णता होऊन तोंडभर मुरूम उठतील.' आंब्याने अंगातली उष्णता वाढत नाही. पण रसात साखर किती पडते हे पाहिलं, तर ही ताकीद अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

वडा-भज्यांवरचा आळ मात्र बराचसा चुकीचा. खाल्लेलं तेल त्वचेतून पाझरत नाही. चेहऱ्यावरचा तेलकटपणा म्हणजे सीबम. तो केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी स्वतः बनवतात. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, मागे सीबम तुंबतो, त्यात जिवाणू वाढतात आणि सूज येते. ग्रंथींवर हुकूम चालतो तो अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरकं), इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक) आणि आयजीएफ-1 (इन्सुलिनसारखंच, वाढीला चालना देणारं संप्रेरक) यांचा, आणि आहाराचा हात पोचतो तो इथेच. रक्तातली साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन उसळतं, अँड्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी होतं, सीबम वाढतो.

म्हणून मोजायचा तो 'ग्लायसेमिक भार' : पदार्थातली कर्बोदकं (ग्रॅममध्ये) गुणिले त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (तो पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो याचा आकडा; शुद्ध ग्लुकोजचा 100), भागिले 100. एका वेळच्या पदार्थाचा भार 10 पर्यंत असला तर कमी, 20 च्या वर गेला तर जास्त. 200 ग्रॅम आमरसात सुमारे 30 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि आंब्याचा निर्देशांक 51 च्या आसपास आहे. म्हणजे भार साधारण 15. त्यात चार चमचे, म्हणजे 20 ग्रॅम साखर घातली (निर्देशांक 65) की आणखी 13. झाले 28, आणि पुऱ्या अजून मोजल्याच नाहीत! आंबा कापून, जेवणासोबत, एखादाच खाल्ला तर गोष्ट वेगळी.

2007 मध्ये ऑस्ट्रेलियात 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर 12 आठवडे प्रयोग झाला. कमी भाराचा आहार घेणाऱ्यांचे मुरूम सरासरी 23.5 ने घटले, इतरांचे 12 ने. फरक खरा, पण पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं, हे सांगणं अवघड. 2024 च्या अमेरिकी त्वचारोग मार्गदर्शिकेनेही विशिष्ट आहाराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असंच म्हटलं. उलट बाजूने, चॉकलेट निर्दोष ठरवणारा 1969 चा गाजलेला प्रयोगही लंगडाच होता : तुलनेसाठी दिलेल्या नकली वडीत साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती.

दुधाचं कोडं वेगळं. त्याचा निर्देशांक कमी, तरी इन्सुलिन मात्र ते चांगलंच वाढवतं. व्हे प्रोटीनचंही (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पूड) तेच. जिमला जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर अचानक मुरूम उठले तर आधी त्या डब्याकडे बघावं. दह्याबाबत पुरावा तेवढा स्पष्ट नाही. दूध तोडायचंच असेल तर कॅल्शियमची सोय हवी : वाढत्या वयात रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम लागतं, आणि 100 ग्रॅम नाचणीतून मिळतं साधारण 350.

स्वतःवर पडताळा घ्यायचा तर एका वेळी एकच बदल करावा. पहिला नंबर साखरेचा : चहातली, बिस्किटांतली, थंड पेयांतली (300 मिलिलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या आसपास). उपवासाला साबुदाणा खिचडीऐवजी वरी खाऊन हिशेब फारसा सुटत नाही, तीही पिष्टच. दाण्याची आमटी आणि काकडी वाढवावी. दर रविवारी एकाच उजेडात फोटो काढावा. बहुतेकांची चूक होते ती पंधरा दिवसांत निकाल लावण्याची. आज दिसणाऱ्या मुरुमाचा बूच काही आठवड्यांपूर्वीच बसलेला असतो, म्हणून 12 आठवडे तरी द्यावेत. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी पीसीओएसची (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी.

पथ्याच्या भरात औषधाचं गणितही बिघडतं. तीव्र मुरुमांवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनची नेहमीची कॅप्सूल स्निग्ध जेवणासोबत घेतली तर उपाशीपोटीपेक्षा दुपटीच्या आसपास शोषली जाते; घरच्यांनी तेल-तूप बंद केलं की गोळी चालू असूनही गुण कमी येतो. मुरुमांवरच देतात त्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचं याच्या उलट : दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं, म्हणून ती भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते.