स्पेस स्टेशनमधली झोपायची खोली: आधी मशीन, मग माणूस

भाचा आर्किटेक्चरला आहे, त्याला कॉलेजात स्पेस स्टेशनमधल्या राहायच्या खोलीचा विषय मिळालाय आणि तो परवा कागद पसरून बसला तर पहिल्या झटक्यात त्याने पलंग काढला. म्हटलं अरे तिथे आडवं पडणं हा प्रकारच नाही, पलंग कशाला? म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांचं गणित सरळ असायचं, खाली कापड विणायचा माग, वर माणसं. आधी मागाला किती जागा लागते ते बघायचं, दोन मागांमधून माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट सोडायची आणि उरलेल्या जागेत स्वयंपाक, झोपणं, पोरांचा अभ्यास. अवकाशातल्या घराची सुरुवातही अशीच झाली की हो. डिसेंबर १९६५ मध्ये बोरमन आणि लव्हेल हे दोघं अमेरिकन अंतराळवीर जेमिनी ७ या यानात १४ दिवस होते आणि जागा किती, तर छोट्या कारच्या पुढच्या दोन सीटएवढी. खाणं, झोपणं, बाकी सगळं तिथंच.

रशियात मात्र ६०च्या दशकातच एक बाई या कामात आल्या, गालिना बालाशोव्हा. कोरोल्योव्ह म्हणजे रशियन यानांचा मुख्य डिझायनर, त्याच्या डिझाइन ब्युरोत त्या कामगारांच्या घरांचं वगैरे काम बघणाऱ्या आर्किटेक्ट, त्यांच्याकडे सोयूझ यानाच्या आतल्या खोलीचं काम आलं. त्यांनी वजन नसलेल्या जागेत वर-खाली कसं कळणार हा प्रश्न धरला आणि रंगाने सोडवला, जमीन गडद, भिंती फिक्या, छत त्याहून उजळ. मीर या रशियन स्टेशनचा (१९८६) मुख्य भाग बघा, गडद हिरवं कार्पेट, फिक्या हिरव्या भिंती, पांढरं छत. स्वतः काढलेली निसर्गचित्रंही त्या सोयूझमध्ये लावायच्या, आणि यानाचा तो भाग परतताना जळून जायचा, म्हणजे चित्रंही गेली. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सगळ्यात हुशार माणूस हीच.

अमेरिकेचं स्कायलॅब हे स्टेशन १४ मे १९७३ ला गेलं. सॅटर्न रॉकेटच्या टाकीतच घर केलेलं त्यामुळे जागा भरपूर, आणि आतल्या सजावटीसाठी रेमंड लोवी नावाचा इंडस्ट्रियल डिझायनर बोलावला होता. त्याने आग्रह धरला तो साध्या गोष्टींचा, तिघांना मिळून जेवायला जागा हवी, प्रत्येकाला स्वतःचा कोपरा हवा आणि बाहेर बघायला खिडकी हवी. खिडकीला इंजिनिअर लोकांचा विरोध, कारण भोक पाडलं की मजबुतीचा प्रश्न. शेवटी खिडकी झाली आणि फावल्या वेळात सगळे तिथंच. टेबल त्रिकोणी केलं, म्हणजे मानाची बाजू कुणाचीच नाही (आपल्याकडे पंगतीत यावरून रुसवे होतात, तिथे तर ८४ दिवस एकत्र काढायचे होते). स्कायलॅबमध्येच एका भागात चारी बाजूंनी यंत्रं लावली होती, वर-खाली काहीच नाही, तो भाग अंतराळवीरांना आवडला नाही. बालाशोव्हाबाई बरोबर होत्या म्हणायचं.

आता आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन. सुरुवातीला त्याच्या झ्वेज्दा या रशियन मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे स्टेशनला जोडलेला एकेक भाग) दोनच केबिन होत्या. मग २००८ ते २०१० मध्ये हार्मनी मॉड्यूलमध्ये चार खोल्या बसवल्या, एक जमिनीत, एक छतात, दोन दोन्ही बाजूंना, प्रत्येकी साधारण दोन घनमीटर, म्हणजे आपलं मोठं गोदरेज कपाट समजा. आत स्लीपिंग बॅग भिंतीला बांधलेली, लॅपटॉप, घरच्यांचे फोटो, बास. सोलापुरी चादर इथे काही कामाची नाही, तिची मजाच तिच्या वजनात आणि तिथे ती अंगावर न राहता तरंगत जाणार.

पण खरा खेळ पंख्याचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात लाईट गेली की घामाने झोप मोडते, तिथे प्रश्न वेगळा, गरम हवा वर जाते हा प्रकारच नाही त्यामुळे नाकातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचून राहतो, माणूस डोकं दुखत जागा होतो. म्हणून खोलीत हवा आत घेणारा आणि बाहेर टाकणारा फॅन सतत चालू. फॅन आला की आवाज आला, स्टेशनचा बाकीचा घरघराट वेगळाच, मग भिंतींना आवाज शोषणारं जाड अस्तर. हे वाचताना मला आई आठवली, खाली धोट्याचा खटखटाट चालू असताना ती गाढ झोपायची आणि माग बंद पडला की दचकून उठायची, काय झालं रे म्हणून.

चीनच्या स्टेशनच्या तियानहे मॉड्यूलमध्ये (२०२१) तीन खोल्या, पुढच्या वर्षी वेंतियानमध्ये अजून तीन. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या रशियन स्टेशनवर गेले तेव्हा अवकाशात आठेक दिवस होते, शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये आयएसएसवर १८ दिवस. आता आपल्या भारतीय अंतरिक्ष स्टेशनचं पहिलं मॉड्यूल २०२८ मध्ये आणि पूर्ण स्टेशन २०३५ पर्यंत असं ठरलंय, तेव्हा हा विषय कॉलेजात येणं बरोबरच आहे.

भाच्याने पलंग खोडला. आता छतावर बॅग टांगलीय, खिडकी लै मोठी काढलीय आणि फॅन कुठे बसवायचा यावर काल रात्री अकराला फोन आला.