तुमच्या यादीचे मेल स्पॅममध्ये का जातात, आणि त्यावर काय करता येतं

आमची ईमेल-यादी सेवा वापरणाऱ्या संस्था, मंडळं आणि गटांसाठी

‘मेल आलाच नाही’ असं सभासद म्हणतात, तुम्ही नीट शोधायला सांगता, आणि तो स्पॅममध्ये सापडतो. जीमेलमध्ये स्पॅममधला मेल 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो. म्हणजे ज्याने शोधलंच नाही त्याच्यापर्यंत सभेची सूचना किंवा कोणी मागितलेली मदत कधीच पोचत नाही. एखादा सभासद उत्तर देत नाही म्हणून त्याच्याबद्दल गैरसमज होतात आणि त्या बिचाऱ्याला काही पत्ताच नसतो. आमच्या लेखी ही किरकोळ गैरसोय नाही. म्हणून हे पत्रक.

मेल स्पॅम आहे का, हे आमचा सर्व्हर ठरवत नाही. तो ज्याच्याकडे जातो तो पुरवठादार ठरवतो: जीमेल, याहू, आउटलुक किंवा एखाद्या कार्यालयाची स्वतःची यंत्रणा. प्रत्येकाचे निकष वेगळे, ते पूर्णपणे कोणीच जाहीर करत नाही, आणि ते बदलतही राहतात. त्यामुळे तोच मेल एका सभासदाच्या इनबॉक्समध्ये आणि दुसऱ्याच्या स्पॅममध्ये जातो. फोन करून किंवा ओळख काढून तो सोडवून घेता येत नाही. ‘आमचे मेल शंभर टक्के इनबॉक्समध्येच पोचतील’ अशी हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. आम्हीही ती देत नाही.

यादीचा मेल मुळातच संशयास्पद दिसतो. एकाच सर्व्हरवरून तोच मजकूर शेकडो पत्त्यांवर एकदम जातो, आणि स्पॅम पाठवणारेही नेमकं हेच करतात. तुमच्या सभासदांनी तो मेल स्वतः मागितलेला आहे, हे पुरवठादाराच्या फिल्टरला, म्हणजे स्पॅम वेगळा काढणाऱ्या यंत्रणेला, मजकूर वाचून कळत नाही. त्याला ते इतर खुणांवरून पटवावं लागतं.

पाठवणारा खरा कोण?

मेलच्या ‘फ्रॉम’मध्ये कोणाचंही नाव घालता येतं. 1982 सालापासून चालत आलेल्या पद्धतीत त्याची पडताळणीच नव्हती. पुढे तीन उपाय आले. एखाद्या डोमेनचे (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचे) मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात, ते एसपीएफ सांगतं. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. लाखेच्या मोहरेसारखी, वाटेत कोणी मजकुराला हात लावला की तुटलेली दिसते. आणि या दोन्हींपैकी एकही गोष्ट फ्रॉममधल्या डोमेनशी जुळली नाही तर मेलचं काय करायचं, हे डीमार्कमध्ये लिहिलेलं असतं: येऊ द्या, स्पॅममध्ये टाका किंवा सरळ नाकारा.

आता समजा, याहूचा पत्ता असलेल्या एका सभासदाने यादीवर मेल टाकला. यादीच्या सॉफ्टवेअरने विषयाच्या आधी चौकटी कंसात यादीचं नाव जोडलं, तळाला ‘यादी सोडण्यासाठी इथे क्लिक करा’ ही ओळ घातली आणि मेल सगळ्यांना पाठवला. तो जीमेलच्या दारात पोचतो तेव्हा फ्रॉममध्ये नाव याहूचं, पण सर्व्हर आमचा, म्हणून एसपीएफ याहूशी जुळत नाही. तळाला एक ओळ वाढल्यामुळे याहूची मूळ सही तुटलेली. आणि अशा वेळी ‘नाकारा’ असं याहूने स्वतःच सांगून ठेवलेलं. जीमेल मेल नाकारतं, आणि नियमाने पाहिलं तर त्याचं काही चुकत नाही.

याहूने हे कडक धोरण एप्रिल 2014 मध्ये लागू केलं, त्याच महिन्यात एओएल या मेल सेवेनेही केलं, आणि जगभरच्या याद्यांवर गोंधळ उडाला. सर्वांत वाईट परिणाम कोणाच्या लवकर लक्षातही येत नसे. याहूच्या सभासदाने लिहिलेला मेल जीमेलवाल्यांकडून परत यायचा. यादीच्या सॉफ्टवेअरला वाटायचं, जीमेलवाल्यांचे पत्ते बंद पडले. असं काही वेळा झालं की ते जीमेलवाल्यांनाच यादीतून काढून टाकायचं. लिहिणारा एक, बाहेर गेला दुसराच, आणि दोघांनीही काही वावगं केलेलं नाही! आजही ‘मला यादीतून कोणी काढलं?’ असं एखादा सभासद विचारतो, तेव्हा त्याच्याकडून परत आलेल्या मेलची कारणं आम्ही आधी तपासतो.

यावरचा उपाय म्हणून आम्ही फ्रॉम बदलतो. मीनाताईंनी लिहिलेला मेल सभासदांना ‘मीना, सभासद यादीमार्फत’ असा दिसतो. पत्ता यादीचा असतो, सही आमची असते, आणि मीनाताईंचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं ते सांगणाऱ्या जागी, ठेवलेला असतो. ‘हे असं विचित्र का दिसतं?’ अशी विचारणा बरेच ग्राहक करतात. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता जसाच्या तसा दिसणं केव्हाही बरं, हे आम्हालाही मान्य आहे. पण तसं ठेवलं तर मेल पोचण्याचीच शाश्वती राहत नाही. सभासदांना एवढं मात्र आवर्जून सांगा की उत्तर पाठवण्यापूर्वी ते कोणाच्या पत्त्यावर चाललंय हे एकदा पाहावं. खासगी उत्तर सगळ्या यादीवर गेलं की परत घेता येत नाही.

याशिवाय आम्ही मेलला एआरसी नावाची नोंदही जोडतो. ‘हा मेल आमच्याकडे आला तेव्हा मूळ सही शाबूत होती’ असं ती पुढच्या पुरवठादाराला सांगते. हे मानक 2019 मध्ये प्रायोगिक म्हणून आलं. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मात्र घेणारा ठरवतो, म्हणून आम्ही केवळ त्याच्या भरवशावर राहत नाही.

यादी तुमच्या स्वतःच्या डोमेनवर असेल तर एक काम तुमच्याकडे येतं. आम्ही दिलेल्या नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये घालाव्या लागतात. इथे नेहमी होणारी गल्लत म्हणजे आधीची एसपीएफ नोंद तशीच ठेवून खाली दुसरी घालणं. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन दिसल्या तर तपासणी थेट चूक म्हणून संपते, आणि कालपर्यंत नीट जाणारे कार्यालयाचे मेलही अडकायला लागतात. आमचा भाग जुन्या नोंदीतच मिसळायचा असतो. खात्री नसेल तर सेव्ह करण्याआधी आम्हाला दाखवा.

‘स्पॅम’ बटण कोण दाबतं?

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. कंटाळलेल्या सभासदाला यादी सोडायची असते, सोडण्याची लिंक पटकन सापडत नाही, आणि स्पॅमचं बटण समोरच असतं. तो ते दाबतो. त्याच्या दृष्टीने विषय संपला, पण पुरवठादाराच्या हिशेबात ती तक्रार असते आणि ती यादीच्या खात्यावर चढते. पुढचा मेल स्पॅममध्ये जातो तो ज्यांना यादी हवी आहे त्यांचाही.

तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा आणि 0.3 टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असं जीमेल पाठवणाऱ्यांना सांगतं. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे एक तक्रार ठीक, तीन म्हणजे धोका. मोठ्या यादीला हे जमण्यासारखं आहे. पण जीमेलचे 200 सभासद असलेल्या यादीवर एका मेलला एका माणसाने बटण दाबलं की प्रमाण 0.5 टक्के होतं.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना आणखी अटी घातल्या आहेत. जीमेलची मर्यादा दिवसाला 5,000 मेल. ‘आमची यादी एवढी मोठी नाही’ असं म्हणण्याआधी हिशेब करून पाहा. 300 जीमेल सभासद आणि रंगलेल्या चर्चेत दिवसभरात 20 मेल, की झाले 6,000. एकदा ही मर्यादा ओलांडली की जीमेल तुम्हाला कायमचं मोठ्या पाठवणाऱ्यांत धरतं. म्हणून आम्ही लहान-मोठ्या सगळ्याच याद्यांना त्याच अटी लावतो: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि एका क्लिकवर यादी सोडण्याची सोय.

एका क्लिकची ही सोय मेलच्या तळाच्या ओळीहून वेगळी आहे. ती मेलच्या न दिसणाऱ्या भागात असते, आणि त्यावरून जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दाखवू शकतं. पूर्वी अशी सोय साध्या लिंकने केली तर वेगळीच पंचाईत व्हायची. काही कार्यालयांची सुरक्षा यंत्रणा मेलमधली प्रत्येक लिंक आपणहून उघडून तपासते. त्या तपासणीतच सभासद यादीबाहेर जायचा. 2017 च्या मानकाने ही अडचण दूर केली, आणि आमच्याकडे तेच वापरात आहे.

यादी सोडणं अवघड करू नका, ही आमची तुम्हाला कळकळीची विनंती आहे. ‘सोडण्यासाठी ॲडमिनला कळवा’, ‘कारण लिहा’ असल्या अटींनी सभासद टिकत नाहीत. ते स्पॅमचं बटण दाबतात. याहू आणि आउटलुककडून अशा तक्रारींची सूचना आम्हाला मिळू शकते, तशी ती मिळाली की आम्ही तो पत्ता लगेच काढतो. कृपया तो पुन्हा घालू नका, तो सभासद कितीही जवळचा असला तरी. जीमेल मात्र कोणी तक्रार केली ते सांगत नाही, फक्त एकूण प्रमाण दाखवतं, आणि लहान यादीसाठी बहुधा तेही नाही.

जुने पत्ते

न विचारता घातलेला पत्ता आणि वर्षानुवर्षं न तपासलेला पत्ता, दोन्ही यादीला महागात पडतात. बंद पडलेल्या काही पत्त्यांचे पुढे सापळे होतात. त्यावर मेल आला की पाठवणारा यादी सांभाळत नाही असं धरलं जातं. म्हणून कार्यक्रमाच्या हजेरीपटावरून किंवा जुन्या वहीतून पत्ते थेट चढवू नका. निमंत्रण पाठवा आणि ज्याने होकाराच्या लिंकवर क्लिक केलं त्यालाच घ्या. यादी थोडी लहान होईल, होऊ द्या.

मजकुराबद्दल थोडंच सांगतो. लहान केलेल्या लिंक टाळा, पूर्ण पत्ता द्या. सगळी माहिती एकाच चित्रात टाकू नका. विषयात नेमकं काय आहे ते लिहा.

सभासदांना काय सांगाल

स्पॅममध्ये सापडलेला मेल नुसता वाचून सोडून देऊ नये, ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबावं. एवढ्यानेही फिल्टरला योग्य खूण मिळते. जीमेलमध्ये यादीच्या पत्त्यासाठी फिल्टर करून ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नका’ हा पर्याय निवडता येतो. आउटलुकमध्ये यादीचा पत्ता सुरक्षित पाठवणाऱ्यांत जोडता येतो. नवा सभासद आला की त्याच्या स्वागताच्या मेलमध्येच हे लिहा.

तक्रार आमच्याकडे कशी पाठवावी

‘सगळ्यांचे मेल स्पॅममध्ये जातात’ एवढ्यावरून आम्हाला काही शोधता येत नाही. स्पॅममध्ये सापडलेला एक तरी मेल आम्हाला लागतो, आणि तो ज्याला मिळाला त्याच्याच खात्यातून. साधा फॉरवर्ड केला की आम्हाला हवी असलेली माहिती गळून जाते, आणि स्क्रीनच्या फोटोत ती नसतेच. जीमेल संगणकावर उघडून मेलच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ आणि ‘शो ओरिजिनल’ हे पर्याय दिसतात. पहिला निवडून मेल आम्हाला पाठवा. स्वतः पाहायचं असेल तर दुसरा निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कसमोर ‘पास’ आहे की ‘फेल’ ते लगेच दिसेल. तिन्ही ‘पास’ असतील तर ओळखीचा प्रश्न नाही, आणि आम्ही तक्रारींच्या बाजूने शोध घेतो. मेल स्पॅममध्ये न जाता परत आला असेल तर परतीच्या मेलमधला 4 किंवा 5 ने सुरू होणारा आकडा आणि त्यापुढचं वाक्य जसंच्या तसं पाठवा. 4 म्हणजे तात्पुरतं अडलं आहे आणि आमचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. 5 म्हणजे नकार कायमचा आहे, आणि तिथे आम्हाला हात घालावा लागतो.

मेलमध्ये खासगी मजकूर असेल तर तो काढून फक्त ‘शो ओरिजिनल’मधला वरचा तांत्रिक भाग पाठवला तरी आमचं काम भागतं.