नो-क्लीन की वॉटर-सोल्युबल? बोर्डसाठी फ्लक्स निवडताना

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या, इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड जोडणाऱ्या कुठल्याही छोट्या असेंब्ली युनिटमध्ये नो-क्लीन आणि वॉटर-सोल्युबल फ्लक्सच्या (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या रसायनाच्या) दोन सिरिंज एकाच ट्रेमध्ये सापडतात. दोन्हींतून तसाच चिकट जेल बाहेर येतो, दोन्हींनी सोल्डर पॅडवर, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, छान पसरतं. त्यामुळे हाताला येईल ती उचलली जाते. हिवाळ्यात ते खपून जातं. जुलैत मात्र बोर्ड परत यायला लागतात.

तांब्यावरचं ऑक्साइड काढून सोल्डरला वाट मोकळी करून देणं हे काम दोघांचंही सारखंच. म्हणून जॉइंट किती चमकतो यावरून फ्लक्सची निवड होत नाही. नंतर बोर्डवर काय उरतं आणि ते धुण्याची सोय तुमच्याकडे आहे का, हे पाहायचं.

वॉटर-सोल्युबलमध्ये बेस पाण्यात विरघळणारा आणि आम्लं जोरकस. काळवंडलेल्या जुन्या पार्ट्सवरही ते सोल्डर धरवतं, ही त्याची खरी ताकद. पण उरलेला थर हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे ओल वेगळी मागावी लागत नाही. टर्मिनल ब्लॉकच्या खाली, जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथे आधी हिरवट खार धरतो. ओल, आम्ल आणि व्होल्टेज एकत्र आले की धातूचे आयन एका पॅडवरून दुसऱ्याकडे सरकतात आणि मध्ये फर्नच्या पानासारखी बारीक नक्षी वाढते. ती दुसऱ्या टोकाला टेकली की शॉर्ट. म्हणून हे फ्लक्स वापरलं तर धुणं त्याच दिवशी, तेही गरम डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने, आणि मग ओव्हनमध्ये सुकवणं. नळाच्या पाण्यातले क्षार बोर्डवरच बसतात, त्यामुळे ते शेवटच्या खळबळीला चालत नाही.

नो-क्लीनमध्ये राळ किंवा कृत्रिम रेझिन असतं आणि ॲडिपिकसारखी सौम्य आम्लं थोडीच. पुरेशी उष्णता मिळाली की आम्लाचा बराचसा भाग खर्च होतो किंवा उडून जातो, उरलेलं रेझिनच्या कडक थरात कोंडलं जातं. ‘पुरेशी उष्णता’ हीच यातली अट, आणि टच-अपच्या, म्हणजे हाताने दुरुस्ती करायच्या, टेबलावर तीच मोडते. एक पिन दुरुस्त करायची असते आणि फ्लक्स अर्ध्या आयसीवर फासलेलं असतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकतं त्या पिनपाशी ते पुरेसं तापतं, बाकीचं कच्चंच राहतं, आणि कच्चं नो-क्लीन बिनधास्त सोडण्यासारखं नसतं. त्यावर आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) बोळा फिरवला की पांढरा डाग उरतो. रेझिन फुटतं, आम्ल पसरतं, बोर्ड आधीपेक्षा वाईट. पुरेसं तापलेलं असेल तर हात लावू नका, नाहीतर भरपूर आयपीए ओतून, ब्रशने घासून, सुकायच्या आत पुसून घ्या. पीएच मीटरसारख्या हाय-इम्पिडन्स सर्किटमध्ये (जिथे अगदी बारीक गळतीनेही मोजमाप चुकतं) मी नो-क्लीनही धुऊनच घेतो. कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डवरचा पातळ संरक्षक थर, मारायचं असेल तर कोटिंग त्या थरावर नीट धरतं का, ते आधी एका बोर्डवर पाहावं.

लेबल वाचायची सवय लावली तर निम्मा गोंधळ संपतो. जे-एसटीडी-004 या फ्लक्सच्या वर्गीकरणाच्या मानकातल्या कोडमध्ये पहिली दोन अक्षरं बेसची: आरओ म्हणजे राळ, ओआर म्हणजे सेंद्रिय. तिसरं अक्षर जोराचं, एल, एम किंवा एच, म्हणजे कमी, मध्यम किंवा जास्त. शेवटचा 0 किंवा 1 हॅलाइडसाठी, म्हणजे क्लोराइड-ब्रोमाइडसारखे घटक नाहीत की आहेत त्यासाठी. आरओएल0 बहुधा नो-क्लीन निघतं. ओआरएच1 दिसलं की धुण्याची तयारी ठेवा. नळजोडणीचं झिंक क्लोराइडवालं डबा-फ्लक्स मात्र बोर्डच्या आसपासही नको.

धुण्याचं मशीन नसलेल्या युनिटला माझं उत्तर सरळ आहे: नो-क्लीन, आणि फ्लक्स कमी. मशीन असूनही न सील केलेले रिले, बझर, पोटेन्शिओमीटर पाण्यात बुडवता येत नाहीत. मल्टिस्ट्रँड वायरवरही वॉटर-सोल्युबल नको, ते इन्सुलेशनच्या आत चढतं आणि बाहेर काढता येत नाही. मिश्र बोर्ड असेल तर एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे छोटे पार्ट्स) वॉटर-सोल्युबलने करून धुवा, सुकवा, आणि मगच रिले-बझर नो-क्लीन वायरने हाताने लावा. वायरच्या पोटातलं फ्लक्सही फ्लक्सच असतं, तेव्हा रीळ बदलताना त्याचंही लेबल पाहा.