कापूस बियाण्याची तक्रार : ‘जी फॉर्म’ परत का येतो?

कापूस बियाण्यासाठी महाराष्ट्रात २००९ चा वेगळा कायदा आहे. बियाणं उगवलं नाही, भेसळ निघाली किंवा वाण पिशवीवरच्या दाव्याप्रमाणे चाललं नाही, तर त्याखाली ‘जी’ नमुन्यात तक्रार करता येते. फॉर्म कृषी खात्याच्या तालुका कार्यालयात द्यायचा. सोबत सातबारा, आधार, पासबुकाची प्रत. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते बिलावर. परभणी, बीडकडं सरकी बऱ्याचदा उधारीवर उचलली जाते आणि उधारीला कच्ची चिठ्ठी मिळते. ती चालत नाही. वाण, लॉट नंबर आणि तुमचं नाव असलेलं पक्कं बिल पेरणीआधीच मागा. बोंडं किडल्यावर गेलात तर दुकानदार ओळखही दाखवत नाही. रिकामी पिशवी आणि टॅग जपून ठेवा. बिल मुलाच्या नावावर, सातबारा आईच्या, कसणारा बटईदार तिसराच, अशा कागदांवर हमखास शेरा पडतो. शेत खोटं नसतं, तक्रार खोटी नसते, पण साहेबाला नाव जुळायला हवं!

दुसरा घोळ मुदतीचा. ७२ तासांत कळवायचं हा नियम पीकविम्याचा होता. त्याचा जी फॉर्मशी संबंध नाही. विम्याला कळवलं म्हणजे बियाण्याची तक्रार झाली, असंही नाही. इथं पाहणीच्या दिवशी पीक उभं लागतं. कृषी खात्याचे अधिकारी ती ‘एच’ आणि ‘आय’ नमुन्यांत नोंदवतात. वैतागून आधीच रोटाव्हेटर फिरवलात तर ते काय लिहिणार?

२०१७ च्या शेंदरी बोंडअळीनंतर सरकारनं कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले, त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्या म्हणाल्या, अळीच बीटीला (बोंडअळी मारण्यासाठी कापसात घातलेल्या जनुकाला) सरावली, बियाण्यात दोष नाही. म्हणून कागद पक्के हवेत.

चोरबीटी, म्हणजे मंजुरी नसलेली बीटी सरकी, पेरणाऱ्यांसाठी मात्र हा रस्ताच बंद आहे. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला लागवडीची मंजुरी नाही. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं तो उघडपणे पेरला. खुरपणीला मजूर मिळत नसताना मंजुरीची मागणी चूक म्हणवत नाही. पण बिनबिलाची सरकी फसली तर तक्रार कुणाविरुद्ध लिहिणार? अशा कापसाच्या शेतातल्या चाचण्यांचा वाद दिल्ली-मुंबईत वर्षानुवर्षं चालतो, तोवर ही जोखीम एकट्या शेतकऱ्याची.

आणि चाचणीसाठी शेतकऱ्यानं करायचा अर्ज नसतोच. तो संस्था किंवा कंपनी ‘जीईएसी’कडे, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या समितीकडे करते, राज्याचं ना-हरकत पत्रही तिनंच आणायचं. ‘ट्रायल प्लॉट द्या, बी फुकट’ म्हणत कुणी बांधावर आला, तर आधी ही दोन्ही पत्रं मागा.