विदोक (२००१ चा फ्रेंच सिनेमा)

विदोक हा २००१ साली आलेला फ्रेंच पिक्चर. काळ १८३० चा, गाव पॅरिस, हिरो डिटेक्टिव्ह आणि व्हिलन आरशाचा मुखवटा घालून फिरणारा, म्हणजे इतिहास, जादू आणि डिटेक्टिव्हगिरी असं तिन्ही एकाच ताटात वाढलंय. डायरेक्टर पितोफ, त्याचा हा पहिलाच पिक्चर, त्याआधी तो दुसऱ्यांच्या पिक्चरचे स्पेशल इफेक्ट्स करायचा आणि ते बघताना कळतंच. पटकथा पितोफ आणि थ्रिलर लिहिणारा ज्याँ-क्रिस्तोफ ग्राँजे यांची, म्युझिक ब्रुनो कुलेचं. विदोकच्या रोलमध्ये जेरार देपार्दिए आहे. इंग्लिशमध्ये हाच पिक्चर डार्क पोर्टल्स नावानेही मिळतो, त्यामुळे हे दोन वेगळे पिक्चर आहेत असं समजू नका.

गोष्ट सुरू होते तीच हिरोच्या मरणाने. काचेच्या कारखान्यात, भट्टीच्या धगीत विदोक त्या मुखवटेवाल्याशी झुंजतो, तोल जाऊन धगधगत्या खड्ड्याच्या काठाला लटकतो, मरायच्या आधी एकदा तुझा चेहरा दाखव म्हणतो, समोरचा मुखवटा काढतो, आपल्याला मात्र काहीच दिसत नाही आणि विदोक खाली जातो. पॅरिसभर बातमी पसरते, विदोक गेला. मग एतिएन बुआसे नावाचा तरुण पत्रकार (गियोम काने) येतो, म्हणतो मी त्याचं चरित्र लिहितोय, खुनी मीच शोधणार. विदोकचा पार्टनर निमिए, प्रेआ नावाची नर्तकी (इनेस सास्त्र), पोलीसप्रमुख लोत्रेन (आंद्रे द्युसोलिए) अशा एकेकाला तो भेटत जातो आणि विदोकची शेवटची केस आपल्याला फ्लॅशबॅकमध्ये तुकड्या-तुकड्यांनी कळते.

ती केस भारी आहे. शहरातली बडी माणसं भर रस्त्यात वीज पडून मरतायत. लोक म्हणणार दैवी कोप, दुसरं काय. पण विदोक कपडे तपासतो, टोप्या तपासतो, तर टोपीत सोन्याच्या फण्या आणि कपड्यांना पेट घेणारी पावडर, म्हणजे वीज आभाळातलीच पण तिला वाट कुणीतरी करून दिलेली. हा भाग अस्सल डिटेक्टिव्ह गोष्टीचा, चमत्कार दिसला की आधी हातात धरून बघायचा.

पण मुखवटा? तो कुणी हातात धरून उलगडत नाही. त्या किमयागाराच्या, म्हणजे मुखवटेवाल्या व्हिलनच्या, समोर उभं राहिलं की मरणाऱ्याला दिसतो तो स्वतःचाच चेहरा, आणि त्या काचेत बळी गेलेल्यांचे आत्मे अडकलेत, कोवळ्या मुलींच्या रक्तावर तारुण्य टिकवायचा धंदा आहे, ह्याला पिक्चर कुठलंही शास्त्रीय कारण देत नाही, देणारही नाही. म्हणजे वीज उलगडते आणि आरसा उलगडत नाही. काही जणांना ही फसवणूक वाटते, मला तर पिक्चरची सगळी गंमत इथेच वाटते, कारण डिटेक्टिव्हची अक्कल कुठपर्यंत पोचते ती रेघ इथे नीट दिसते. खुनी कोण ते इथे लिहीत नाही, एवढंच की विदोक मेला ह्यावर फार विसंबू नका आणि प्रश्न विचारणाऱ्याकडेही जरा लक्ष ठेवा.

टेक्निकली हा पिक्चर महत्त्वाचा आहे, कारण सोनीच्या एचडीडब्ल्यू-एफ९०० ह्या डिजिटल कॅमेऱ्यावर तो आख्खा शूट केलाय, फिल्मचा रोल वापरलेलाच नाही. स्टार वॉर्सचा दुसरा एपिसोड, ज्याचा डिजिटल म्हणून एवढा गाजावाजा झाला, तो २००२ चा, म्हणजे हा त्याच्याही आधीचा. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे जवळचं आणि लांबचं सगळं एकदमच स्पष्ट दिसतं, नाकावरचा घाम पण आणि मागचं ढगाळ आभाळ पण. पितोफने हे लपवलं नाही, उलट कॅमेरा लोकांच्या तोंडाला चिकटवला. पात्रांचे लूक मार्क कारोने डिझाइन केलेले. रंग सगळे पिवळट, काळपट, चिखलाचे, बघताना चित्रात कुणीतरी जोरात ढकलल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं.

आता खरा विदोक. युजीन फ्रांस्वा विदोक, जन्म १७७५, आरास गावी, बाप बेकरीवाला. चोऱ्या, तुरुंग, पळून जाणं, परत तुरुंग असं करत करत शेवटी पोलिसांचा खबऱ्या झाला आणि पुढे पॅरिसच्या सुरते ह्या गुन्हे शाखेचा पहिला प्रमुख, हाताखाली बरेचसे त्याच्यासारखेच माजी गुन्हेगार. वेषांतरात पटाईत. १८२७ ला राजीनामा दिला, कागदाचा कारखाना काढला, सुटून आलेल्या कैद्यांना तिथे काम दिलं. प्रायव्हेट डिटेक्टिव्ह एजन्सी काढली ती १८३३ मध्ये, त्यामुळे पिक्चरमध्ये १८३० लाच तो प्रायव्हेट डिटेक्टिव्ह दाखवलाय ते इतिहासाला धरून नाही. पण तारीख उगाच निवडलेली नाही, जुलै १८३० मध्येच पॅरिसच्या लोकांनी दहाव्या चार्ल्स राजाला घालवलं आणि पिक्चरमधलं रस्त्यावरचं वातावरण त्याच तापाचं आहे.

आणखी एक गोष्ट चरित्र लिहिणाऱ्या बुआसेवरून आठवते. खऱ्या विदोकच्या आठवणी १८२८ पासून छापून आल्या, प्रकाशकाने त्यात भाडोत्री लेखकांकडून एवढा मसाला घालून घेतला की विदोकनेच नंतर हात वर केले. पुस्तक तरीही तुफान खपलं. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचा व्होत्रँ हा गुन्हेगार त्याच्यावरून आला, ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' कादंबरीतला माजी कैदी ज्याँ व्हालज्याँ आणि त्याच्या मागे लागलेला इन्स्पेक्टर जाव्हेर ह्या दोघांतही लोक त्यालाच शोधतात, म्हणजे एकाच माणसातून चोर पण निघाला आणि पोलीस पण.

पितोफने नंतर हॉलिवूडमध्ये २००४ ला कॅटवुमन केला, तो साफ आपटला आणि त्या नादात हा पिक्चरही लोक विसरले. २०१८ ला व्हिन्सेंट कॅसलला घेऊन विदोकवर आणखी एक मोठा फ्रेंच पिक्चर आला, नेपोलियनच्या काळातला, त्यात आरसाबिरसा काही नाही, नुसता चिखल, चाकू आणि माणसं.